ट्रेंट बॉवरचं खरं नाव

माझ्या नवऱ्याला आमच्या गावात दोन नावं आहेत. रेजिस हुदाक हे बाप्तिस्म्याचं आणि ट्रेंट बॉवर हे बेसबॉलच्या व्हिडिओ गेममधलं. गावातल्या पस्तिशीच्या कुठल्याही बाप्याला विचारा, रेजिस हुदाक मोठ्या लीगमध्ये कधी खेळला, तर तो डोकं खाजवत बसेल. पण ट्रेंट बॉवरचं नाव काढा, की गडी हातातली बीअर खाली ठेवून उठलाच. नसलेली बॅट बुटावर दोनदा आपटणार, मागची टाच उचलणार आणि म्हणणार, "राइट फील्डमधून थेट होमवर फेक! काय हात होता राव!"

हात कसला डोंबलाचा. गेम बनवणाऱ्या कुणातरी पोराने त्याच्या फेकीचा आकडा जरा जास्त टाकला होता, एवढंच.

तर तो गेम. रेजिस तेव्हा एकतिशीचा होता. एका उन्हाळ्यात संघाचे दोन आउटफिल्डर एकापाठोपाठ जायबंदी झाले, म्हणून याला खालच्या लीगमधून वर बोलावलं. पानगळ लागायच्या आत परत खाली पाठवलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही. पण पुढच्या वर्षी जो गेम बाजारात आला त्यात हा होता. पाठीवरचा नंबर तोच, डावरी बॅटिंग तीच, गुडघ्यापर्यंत ओढलेले मोजे तेच. एकोणिसाव्या वर्षी चेंडू लागून वाकडं झालेलं नाकसुद्धा मेल्यांनी काढलं होतं. फक्त नाव ट्रेंट बॉवर. त्या गेममध्ये असे कितीतरी आहेत, ज्यांना आज त्यांचे शेजारीही ओळखत नाहीत. एक ढेरपोट्या पिचर आहे, एक बाकावरचा कॅचर आहे जो आता ओहायोत टायर विकतो. पण त्यांची निदान नावं तरी त्यांची आहेत.

आमची कोरीन पाच वर्षांची असताना टीव्हीसमोर बसून म्हणाली, "डॅड, हा तर तूच आहेस! मग ट्रेंट का लिहिलंय?"

रेजिस तिच्या वाटीत दूध ओतत होता. म्हणाला, "मला विचारायचं राहिलं त्यांचं."

बस, एवढंच खोटं. पण पोरगी वाढली तसं तेही वाढलं. शाळेत असताना ते 'न विचारता घेतलं' झालं, आणि पोलादाच्या गिरणीत कामाला लागून युनियनचं कार्ड खिशात आल्यावर 'चोरलं' झालं. आम्ही दोघं ऐकत राहिलो. तोंड उघडायला काय जात होतं आमचं? पण नाही उघडलं.

खरं काय ते आता सांगते. पंचाण्णव सालचा वसंत. मोठ्या लीगचे खेळाडू संपावर होते, आदल्या उन्हाळ्यापासून. मालक म्हणाले, तुम्ही नाही तर दुसरे, आणि त्यांनी खालच्या लीगमधली पोरं गोळा करायला सुरुवात केली. रेजिस सत्तावीस वर्षांचा, बसमधून हिंडून हिंडून पाठीचा पार खुळखुळा झालेला. कोरीन माझ्या पोटात. फ्लोरिडाच्या शिबिरात त्याला सांगितलं, हा शर्ट घाल आणि सामने खेळ, नाहीतर घरी जा. याने घातला. मोसम सुरू व्हायच्या आत संप मिटला, खरे खेळाडू परत आले, आणि या बदली खेळाडूंना परत खाली पाठवलं. खेळाडूंच्या युनियनने मात्र ठरवून टाकलं, ज्याने ज्याने तो शर्ट घातला त्याला जन्मात सभासद करायचं नाही. आणि गेमवाल्यांना नावं विकते कोण? युनियन. सभासद नाही, तर नाव नाही. म्हणून ट्रेंट बॉवर. कुणी काही चोरलं नव्हतं. माझा नवरा संपफोड्या होता.

लिहितानासुद्धा हात जड होतो. माझा बाप या नदीकाठच्या भट्टीत मेला तो युनियनचा बिल्ला लावून. मी स्वतः रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवते. आमच्या घरात हा शब्द कुणी कुत्र्यालाही लावत नाही.

गावाला कळलं नाही, कारण दर वसंतात रेजिस सरावासाठी फ्लोरिडाला जायचाच. कुठल्या शर्टात खेळला हे कोण बघायला गेलंय? फोनवर शोधलं असतं तर आजही सापडेल. पण आपल्याच बापाला फोनवर कोण शोधतं?

एक मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय. तो वर गेला त्या उन्हाळ्यात मी एकदा स्टेडियममध्ये होते. त्याने खरोखरच राइट फील्डमधून, मैदानाच्या पार टोकावरून, थेट फेक केली, धावणारा बाद झाला, चाळीस हजार माणूस उभं राहिलं. बाकाकडे परत येताना रांगेतले सगळे एकमेकांच्या हातावर टाळ्या देत होते. त्या टाळ्या रेजिसच्या अलीकडे येऊन थांबल्या. त्याने हात पुढे केला होता. तो तसाच खाली नेऊन पँटला पुसला. गेममध्ये मात्र ट्रेंट बॉवरच्या अंगावर सगळा संघ उड्या मारतो.

आता या वर्षीचं. जानेवारीपासून आमचा संप चालू आहे. कोरीन आमच्या शाखेची अध्यक्ष. एवढीशी पोर, पण मोठमोठे बाप्ये तिच्यासमोर टोपी काढून बोलतात. मार्च उजाडला तशी कंपनीने नवी खेळी काढली. एकेकाला फोनवर निरोप यायला लागले: गुपचूप कामावर या, कुणी काही विचारणार नाही. ज्यांच्या घरी लहान पोरं आहेत त्यांचे चेहरे बघवत नव्हते. अजून कुणी आत गेलं नव्हतं, पण चार-पाच जण कधीही जातील अशी कुजबुज होती. एक गेला की दहा जातात, हे काय मी सांगायला हवं?

अशात आमच्या उपाध्यक्षाच्या, ड्वेन पेट्रोस्कीच्या डोक्यातून कल्पना निघाली. ड्वेन चाळिशीला टेकला तरी गेमचं वेड गेलेलं नाही. म्हणाला, शनिवारी दुपारी युनियनच्या हॉलमध्ये जुना गेम भिंतीवर लावू, स्पर्धा घेऊ, बायका कोबी-शेवयांची हलुश्की करतील, संपाच्या स्वयंपाकघरासाठी चार पैसे जमतील. प्रमुख पाहुणा ट्रेंट बॉवर! लोक जरा हसतील तरी. आणि त्याच बैठकीत सभा उरकून घेऊ.

गुरुवारी कोरीन घरी आली ती भाषण घेऊनच. टेबलाशी बसली, आमच्या बटाटा भरलेल्या पिरोगीवर ताव मारत मारत वाचायला लागली.

"ऐक हां डॅड. 'माझ्या बापाच्या मागे कुणी नव्हतं. म्हणून त्यांनी त्याचा नंबर घेतला, त्याचा चेहरा घेतला, आणि नाव फेकून दिलं. आज जो एकटा त्या गेटमधून आत जाईल, त्याचंही हेच होणार.' कसंय?"

रेजिस काटा खाली ठेवून म्हणाला, "माझं कशाला मध्ये घालतेस? दुसरं काही बोल ना."

"अरे, दुसरं काय? पगाराचे आकडे ऐकून लोक पेंगतात. तुझं ऐकून ते पेटतील! आणि लाजतोस काय एवढा? लाज त्यांना वाटायला पाहिजे."

मग माझ्याकडे वळली. "मॉम, सांग ना याला."

मी काय सांगू, कप्पाळ? मी म्हटलं, "लोणी घे अजून."

ती गेल्यावर मी दार लावलं आणि याच्यावर धावून गेले. "सांग तिला! आज, आत्ता. गाडी काढ आणि जा."

"तू सांग."

"मी? मी घातला होता का तो शर्ट?"

तो नळ सोडून ताटल्या धुवायला लागला. मग पाठमोराच म्हणाला, "बर्नी, संप मिटू दे. मग सांगतो. आत्ता कळलं तर तिचे हातपाय गळतील."

मलाही ते पटलं. पटलं म्हणजे काय, सोयीचं वाटलं.

शनिवारी हॉल असा भरला, की नाताळातही भरत नाही. कोबी आणि लोण्याचा वास, पोराटोरांचा गलका, आणि भिंतीवर पुरुषभर उंचीचा ट्रेंट बॉवर टाच उचलून उभा. रेजिस आत शिरला तर लोकांनी छत डोक्यावर घेतलं. जो तो पुढे येऊन त्याचा हात हलवत होता. ड्वेनने विकायच्या टोप्यांचा ढीग पुढे ढकलून हातात पेन कोंबलं.

"टोप्यांवर सही ट्रेंट बॉवर अशीच कर हां! उगीच हुदाक-बिदाक लिहून माल खराब करू नकोस."

"अरे, पण मी हुदाकच आहे."

"हुदाकला कोण विचारतंय? तेरा-चौदा वर्षांचा असताना मी तुझ्यामुळे माझ्या भावाला दर संध्याकाळी रडवलंय. तू देव आहेस बाबा, देवाने गप्प बसून सह्या कराव्यात."

सगळे खो खो हसले. रेजिसही हसला, आणि सह्या करत सुटला. गेम खेळायला बसवला तर ट्रेंट बॉवर घेऊन तीनदा बाद झाला, लोक हसून हसून लोळले. आमचे म्हातारे स्टश वोयचिक पुढच्या रांगेत नाकाला ऑक्सिजनची नळी लावून बसले होते. यांनीच रेजिसला लहानपणी बॅट धरायला शिकवलं. ते ओरडले, "अरे गाढवा, कोपर वर! अजून तीच चूक!" पंचवीस वर्षांत मी माझ्या नवऱ्याला इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. लोक हात पुढे करत होते, आणि हा ते घेत होता. मला इतकी लाज वाटली, की मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली.

मग सभा सुरू झाली. कोरीनने हातोडी आपटली. आमच्या सभेत सगळे एकमेकांना ब्रदर-सिस्टर म्हणतात, मग ते घरचे का असेनात. ती मलासुद्धा तिथे सिस्टर हुदाक म्हणते. रेजिस सभासद नाही, तो इतकी वर्षं शाळेच्या मैदानाची देखभाल करतो, पण पाहुणा म्हणून त्याला बाजूच्या खुर्चीवर बसवलं होतं.

"ब्रदर्स, सिस्टर्स," कोरीन म्हणाली, "या आठवड्यात आपल्यातल्या काहींना निरोप आलेत. कुणाला आलेत ते मला विचारायचं नाही. मला फक्त या माणसाची गोष्ट सांगायचीय." आणि तिने बापाकडे हात केला.

मी तिसऱ्या रांगेत होते. माझ्यापुढे बसलेल्या एका पोराच्या मानेवर घाम आला होता. त्याच्या घरी जुळी आहेत, मला माहीत होतं त्याला निरोप आलाय. तो रेजिसकडे बघत होता.

"माझ्या बापाच्या मागे कुणी नव्हतं—"

"कोरीन," रेजिस उठून उभा राहिला. "थांब."

ती हसली. "ब्रदर्स, पाहुणे लाजतायत. डॅड, बस ना, तुझी पाळी येईल."

"नाही. हे खोटं आहे. तू नाही खोटी, तुला मी खोटं सांगितलंय." त्याने टोपी काढली. माझ्या मनात एकच आलं, आणि ते सांगायला मला लाज वाटते: गप्प बस मेल्या, खाली बस, इतकी वर्षं गप्प बसलास ना, मग आणखी एक तास बस.

तो बसला नाही. "पंचाण्णवला खेळाडू संपावर होते. मी त्यांच्या जागी खेळलो. शर्ट घातला आणि खेळलो. म्हणून युनियनने मला कधी घेतलं नाही, म्हणून गेममध्ये माझं नाव नाही. माझं नाव कुणी चोरलं नाही. मी विकलं. आणि आज ज्यांना निरोप आलाय त्यांना सांगतो, आत गेलात तर काम मिळेल. मलाही मिळालं. पण नंतर माझ्याबरोबर कुणी जेवलं नाही. आणि ते बरोबर होते."

भिंतीवरचा गेम बंद करायचा राहिला होता, तिथे ट्रेंट बॉवर आपला या पायावरून त्या पायावर डुलत होता. कोरीनचा चेहरा मला बघवेना. ती बापाकडे बघत होती, आणि मग तिने माझ्याकडे बघितलं. मलाही सगळं माहीत होतं, हे तिला तेवढ्यात कळलं. मी मान खाली घातली.

स्टश हळूहळू उठले. नळी सावरली. "अध्यक्ष, मला ठराव मांडायचाय."

"बोला, ब्रदर वोयचिक." कोरीन म्हणाली.

"रेजिस, पोरा, मी तुला बॅट धरायला शिकवलं. माझा तुझ्यावर राग नाही. आज उभा राहिलास, ते सोपं नव्हतं. पण माझ्या बापाच्या काळापासून या हॉलमध्ये संपफोड्या बसत नाही. एकाला बसू दिलं, तर सोमवारी गेटवर दुसऱ्याला कुठल्या तोंडाने अडवायचं? पाहुण्यांनी हॉल सोडावा, असा मी ठराव मांडतो."

"ठराव आलाय," कोरीन म्हणाली. "अनुमोदन कोण देतंय?"

कुणीही नाही. दोनशे माणसं बुटांकडे बघत बसली. आम्हाला सगळ्यांना नियम ठाऊक होता. अनुमोदन नाही मिळालं तर ठराव तिथल्या तिथे बारगळतो, पुढचा विषय. लोक तिच्यासाठी गप्प होते, तिच्यावरच्या मायेने. ड्वेनने तर दोन्ही हात खिशात घातले होते. मी मनात म्हटलं, देवा, सुटलो.

"अनुमोदन कोण देतंय?" तिने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. माझ्यापुढच्या पोराने मान वर केली आणि इकडेतिकडे बघितलं. त्याच्या खांद्यातला ताण जरा सैल झाला. ते मी पाहिलं, आणि कोरीननेही पाहिलं असणार, कारण ती व्यासपीठावरून सगळ्यांचे चेहरे बघत होती.

अध्यक्षाला अनुमोदन देता येत नाही. तिने हातोडी उचलली आणि ड्वेनच्या पुढे धरली.

"कोरीन, नको," ड्वेन पुटपुटला. "सोड ना."

"घ्या, ब्रदर पेट्रोस्की. एका विषयापुरतं अध्यक्षपद तुमच्याकडे." त्याने हातोडी घेतली, घेताना त्याचे डोळे भरले होते. ती व्यासपीठाच्या दोन पायऱ्या उतरून आमच्यात खाली येऊन उभी राहिली, आणि म्हणाली, "सिस्टर कोरीन हुदाक. ठरावाला माझं अनुमोदन."

शेवटी ड्वेन म्हणाला, "बाजूने असतील त्यांनी हात वर करा."

स्टशचा हात वर गेला. मग कोरीनचा, सरळ, खांद्यापासून. मग मागून एकेक, मग सगळी रांग, मग पुढची. जुळ्यांच्या बापाने सगळ्यात शेवटी केला, पण केला. आता तुम्ही मला विचाराल, बर्नाडेट, तू काय केलंस? मीही सभासद आहे. तीस वर्षं वर्गणी भरलीय. रेजिस माझ्याकडे बघत नव्हता, तो मुद्दाम भिंतीकडे बघत होता, म्हणजे मला जे करायचं ते करता यावं. त्यानेच मला मोकळीक दिली, आणि मी ती घेतली. माझा हात वर गेला.

"विरुद्ध?" ड्वेनने विचारलं. कुणी नाही.

कोरीन पुन्हा वर गेली, हातोडी परत घेतली. "मिस्टर हुदाक," ती म्हणाली, "सभेने ठरवलंय. तुम्ही बाहेर जावं."

मिस्टर. आयुष्यात तिने त्याला डॅडखेरीज काही म्हटलं नव्हतं. रेजिसने मान हलवली, टोपी घातली, खुर्ची नीट मागे सरकवून ठेवली आणि मधल्या वाटेने चालत गेला. माझ्या रांगेपाशी आला तेव्हा माझा हात नुकताच खाली आला होता.

दार लागलं. कोरीन पुढचा विषय वाचायला लागली. पहाऱ्याच्या पाळ्या, गेटवरच्या शेकोटीचं लाकूड, सूप कुणाकडे. तिने एकही ओळ चुकवली नाही. सोमवारी कोणी आत जाणार असेल तर आत्ताच सांगा, असं ती म्हणाली, आणि कुणी काही बोललं नाही. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की गाडीची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. बाहेर नदीवरून वारं सुटलं होतं आणि त्याचा कोट गाडीत होता. मला उठता आलं असतं. सभा चालू असताना बायका उठतात, पोरांसाठी, लघवीसाठी, कशाहीसाठी. मी उठले नाही. हातोडी पडेपर्यंत बसून राहिले.

बाहेर आले तर तो गाडीला टेकून उभा होता, हात काखेत खुपसून, ओठ निळे पडलेले. मी किल्ली लावली.

गाडीत बसल्यावर त्याने एकच विचारलं. "सोमवारी कुणी जातंय का आत?"

"नाही," मी म्हटलं.

"बरं झालं," तो म्हणाला. "चांगली चालवते सभा पोरगी." आणि हीटरसमोर हात धरून बसला. मला त्याचे हात माझ्या हातात घेऊन चोळायचे होते. पण मघाशी वर केलेला हात माझाच होता, तो पुढे करायची मला लाज वाटली.